गाडी बोटीत, आपण डेकवर: जळगाव-धुळ्याहून हजिऱ्यामार्गे सौराष्ट्राची सहल

जळगावच्या आकाशवाणी चौकातून जो हायवे जातो, तो कुठून येतो हे आपण सहसा विचारत नाही. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. जुने लोक अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. त्याचं एक टोक ओडिशात पारादीपला आहे आणि दुसरं सुरतेपलीकडे हजिऱ्याला. आपली तापीही मुलताईहून निघून भुसावळ, प्रकाशा, उकाई करत ७२४ किलोमीटरवर तिथेच समुद्राला मिळते. म्हणजे खानदेशातल्या माणसाने घरासमोरचा रस्ता धरला आणि पश्चिमेला चालतच राहिला, तर तो ज्या ठिकाणी पोचतो तिथून पुढे फक्त पाणी आहे. आणि त्या पाण्यावर आता गाडी घेऊन जाणारी बोट आहे.

हजिरा ते घोघा ही रो-पॅक्स फेरी ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. रो-पॅक्स म्हणजे गाड्या स्वतःच्या चाकांवर आत चढतात, चाकांवर बाहेर पडतात, आणि सोबत माणसंही असतात. सुरतेहून भावनगरकडे रस्त्याने जायचं तर भरूच, वडोदरा, तारापूर करत खंबातच्या आखाताला पूर्ण वळसा पडतो. फेरी सुरू करताना सरकारने दिलेला हिशेब असा होता: रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर, समुद्राने सुमारे ९०. दहा-बारा तासांच्या जागी चार. सुरुवातीच्या त्या तीन मजली जहाजात ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० माणसं मावतील एवढी जागा होती. त्याआधी २०१७ मध्ये घोघा-दहेज फेरी निघाली होती, ती गाळाने आणि उथळ पाण्याने अडली. हे लक्षात ठेवायचं कारण पुढे येईल. या आखातात भरती-ओहोटीपुढे कोणाचं चालत नाही.

दोन वेळा मी ही सहल केली. पहिल्यांदा चुकत, दुसऱ्यांदा नीट. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

आधी रात्रीच्या बोटीचं चित्र डोक्यातून काढा

परदेशात रात्री बोटीत गाडी चढवायची, केबिनमध्ये झोपायचं आणि सकाळी नव्या देशात उतरून डोंगर-समुद्र बघत गाडी हाकायची, अशी सहल आपण व्हिडिओत पाहिलेली असते. इथे चार तासांत पलीकडचा किनारा येतो, त्यामुळे बोटीत रात्र काढायचा प्रश्नच नाही. रात्र काढायची ती सुरतेत. आणि ही रात्र कशी काढता यावर पुढचा आठवडा कसा जाईल ते ठरतं.

पहिल्या वेळी आम्ही काय केलं? जेवण करून रात्री अकराला जळगाव सोडलं. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी असतं. धुळ्यापर्यंत मोकळा होता. मग साक्री, दहिवेल आणि कोंडाईबारीच्या घाटात ट्रकमागे ट्रक, समोरून हेडलाइटचा झोत, मागच्या सीटवर सगळे गाढ झोपलेले. हजिऱ्याला पोचलो तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटत होतं. त्यात बोटीत मळमळायला नको म्हणून मी स्वतःच ॲव्होमिन घेतली. ती गोळी झोप आणते. घोघ्याला गाडी खाली उतरवली, गावाबाहेर एक निंबाचं झाड दिसलं, त्याखाली थांबवली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून दोन तास झोपलो. बायकोने तोवर शेजारच्या टपरीवाल्याच्या घरची सगळी माहिती काढली होती.

तेव्हा ड्रायव्हरने रात्रभर गाडी हाकून बोट गाठायची नाही, आणि बोटीत ड्रायव्हरने झोपेची गोळी घ्यायची नाही. एवढं पाळलं तरी निम्मी सहल जमली.

तिकीट आधी, रजा नंतर

आपल्याकडे उलटं होतं. दिवाळीची सुट्टी ठरते, मग तिकीट शोधतात. या बोटीसाठी दिवाळी हाच सगळ्यात वाईट काळ आहे. सुरतेत हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे हजारो लोक भावनगर, अमरेली, गारियाधारकडचे. दिवाळीत कारखान्यांना मोठी सुट्टी लागते आणि सगळे गावाला निघतात. जाताना वसुबारस-धनत्रयोदशीच्या सुमाराला बोट भरलेली, येताना लाभपंचमीनंतर भरलेली. गाडीची जागा तर माणसांच्या जागेआधी संपते, कारण ट्रकही त्याच डेकवर असतात.

मला विचाराल तर कार्तिक पौर्णिमा उलटली की आठ दिवसांनी निघा. तेव्हा सगळंच जुळून येतं. पालिताण्याचा शत्रुंजय डोंगर चातुर्मासात यात्रेकरूंना बंद असतो, तो कार्तिक पौर्णिमेला उघडतो आणि त्या दिवशीची तोबा गर्दी आठवड्यात ओसरते. गीरचं जंगल आणि वेळावदरचं काळवीट अभयारण्य जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तीही उघडलेली असतात. समुद्र शांत, हवा गार. पावसाळ्यात आखात खवळलेलं असतं आणि फेऱ्या रद्द होतात. एप्रिल-मेमध्ये समुद्र ठीक असेल, पण सौराष्ट्राचं ऊन भुसावळच्या उन्हाचं सख्खं भावंड आहे. ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

कंपनीचं नाव डीजी सी कनेक्ट. वेळापत्रक आणि दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून इथे लिहीत नाही. बुकिंगच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. तिकीट काढताना एवढ्या गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा: गाडीच्या तिकिटात ड्रायव्हर धरलाय की त्याचंही वेगळं काढायचंय; तुमची गाडी कोणत्या प्रकारात बसते, कारण हॅचबॅक आणि सात सीटची मोठी गाडी यांचे दर एक नसतात; टपावर कॅरिअर असेल तर उंचीची अट आहे का; गाडी सीएनजीची असेल तर ते आधी सांगायचं का; आणि फेरी रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख. गाडीचा नंबर आरसी बुकातून बघून टाका, आठवणीतून नको. आमच्या शालकांनी स्वतःच्याच गाडीच्या नंबरातले दोन आकडे उलटे टाकले होते.

परवडतं का? स्वतः हिशेब करा. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी ३७० किलोमीटरला साधारण २५ लिटर पिते. त्याला आजच्या भावाने गुणा, टोल मिळवा, वाटेतलं एक जेवण मिळवा. चौघांचं कुटुंब असेल तर बोट बहुतेक वेळा थोडी महागच पडते. मिळतो तो एक दिवस, आणि त्या दिवशी कंबर शाबूत राहते. गाडी चालवणारा एकच असेल तर माझ्या मते हा सौदा चांगला. दोन-तीन तरुण आळीपाळीने चालवणारे असतील, तर रस्त्यानेही जाता येईल.

दिवस उलटा मोजा

बोट सुटायची वेळ धरा आणि मागे या. तिकिटावर हजर राहण्याची वेळ दिलेली असते, ती सुटण्याच्या बरीच आधीची असते आणि गाडीवाल्यांना ती कटाक्षाने पाळावी लागते. गाड्या एका क्रमाने चढवतात, जहाजाचा तोल सांभाळायचा असतो. उशिरा आलेल्याला मधे घुसवता येत नाही. बस स्टँडवर कंडक्टरला हात करून थांबवतो तसं इथे चालत नाही. त्याच्या मागे सुरत ते हजिरा, पंचवीस-तीस किलोमीटर, पण रस्ता कारखान्यांचा आणि अवजड ट्रकांचा, म्हणून सव्वा तास धरा. सकाळची बोट असेल तर याचा अर्थ पहाटे उठणं. म्हणजे आदल्या रात्री दहाला झोप. म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत सुरत.

जळगाव ते सुरत सव्वातीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर आहे. चहा-जेवण धरून सात तास. तेव्हा आदल्या दिवशी दुपारी अकरा-साडेअकराला घर सोडा. धुळ्याच्या माणसाला दोन तास उशिरा निघालं तरी चालेल. शहादा-नंदुरबारकडच्यांना विसरवाडीला येऊन हायवे धरता येतो. चाळीसगाव, पाचोऱ्यावाल्यांनी धुळ्यालाच यावं.

वेळ अशी ठेवायची की कोंडाईबारीचा घाट उजेडात उतरायचा. घाट फार मोठा नाही, पण वळणावर उताराला लागलेले भरलेले ट्रक आणि त्यांना ओव्हरटेक करायला उतावीळ झालेल्या लक्झरी बसेस, हे मिश्रण अंधारात नको.

गाडी आणि डबा

गाडीबद्दल लांबण लावत नाही. सर्व्हिसिंग, टायरची हवा, स्टेपनी, वायपर. समुद्रकिनाऱ्याने चार-पाच दिवस फिरणार असाल तर खारी हवा बसते, परत आल्यावर खालून धुऊन घ्या. हँडब्रेक मात्र नीट तपासून घ्या. सपाट रस्त्यावर आपण तो वापरत नाही, आणि बोटीत त्याच्यावरच सगळं आहे. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स आणि प्रत्येक माणसाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र एका पिशवीत, ती पिशवी पुढच्या सीटवर. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, वाटेत टोलनाके लागत जातात.

आणि एक गोष्ट आधी बाजूला काढून ठेवा. बोट चालू असताना गाड्यांच्या डेकवर जाऊ देत नाहीत. म्हणजे डिकीत राहिलेलं चार तास डिकीतच. औषधं, लहान मुलाचे कपडे, स्वेटर, पाणी, चार्जर आणि डबा एका खांद्याच्या पिशवीत वेगळे हवेत.

डब्याला दशम्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि केळीचे वेफर्स. कळण्याची भाकरी आणि ठेचा मला जिवापाड आवडतो, पण बोटीच्या सकाळी तो बाहेर काढू नका. पोटात तिखट आणि खाली समुद्र, हे जमत नाही. ठेच्याची बरणी परतीच्या प्रवासाला ठेवा. तोवर काठियावाडी गोडसर डाळीने सगळ्यांची जीभ त्याची वाट बघत असते.

वाटेवर

एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्यानंतर कुसुंबा, नेर, साक्री. दहिवेलनंतर रान दाट होतं, घाट उतरला की विसरवाडी आणि मग नवापूर. नवापुरात पाच मिनिटं रेल्वे स्टेशनात जाऊन या, मुलांना गंमत वाटते. स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे, एकाच बाकावर दोन माणसं दोन राज्यांत बसलेली असतात. हीच सुरत-बऱ्हाणपूरची जुनी व्यापारी वाट. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेच्या बंदरात उतरून बारडोली, नवापूर, नंदुरबारवरून बऱ्हाणपूरकडे गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ करून गेला. आपण त्याच्या उलट दिशेने चाललोय, एवढंच.

पुढे उच्छल, सोनगढ, व्यारा, बारडोली. पाट्या गुजरातीत दिसू लागतात, पण घाबरायचं काम नाही. डोक्यावरची रेघ पुसलेली देवनागरी समजून वाचा, दहातली सात अक्षरं लागतात. अहिराणी बोलणाऱ्याला तर गुजराती कळायला अर्धा दिवस पुरतो.

सुरतेत मुक्काम कुठे, हा प्रश्न खानदेशी माणसाला विचारायची सोय नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे कोणी ना कोणी आपलं असतंच. अडचण तीच आहे. आमची मोठी मावशी उधन्याला राहते. दारात गाडी थांबायचा अवकाश, की ‘जेवीसन जा भो’ सुरू. सकाळी लवकर निघायचंय म्हटलं की ती पहाटे तीनला उठून पुरी-भाजी करायला बसते. प्रेम नाकारू नका, पण दहानंतर गप्पांना बसू नका आणि जहाजात चढण्यापूर्वी पुऱ्या फक्त दोन. नातलग नको असतील तर पलसाणा-सचिनच्या बाजूला हॉटेल बघा, म्हणजे सकाळी शहरात शिरावं लागत नाही. पलसाणा, सचिन, मगदल्ला, तिथे तापीवरचा पूल, पलीकडे इच्छापोर आणि सरळ हजिरा. पुलावर गाडी हळू करा. हतनूरच्या धरणावर पाहिलेली तापी इथे ओळखू येत नाही, एवढी रुंद आणि मातकट झालेली असते.

चढणं, बसणं, मळमळणं

टर्मिनलवर तिकीट आणि ओळखपत्रं तपासतात, गाडी रांगेत लावायला सांगतात. इशारा करणारा माणूस जिथे बोट दाखवेल तिथेच, तेवढीच. आरशाला आरसा लागेल इतकं जवळ लावायला लावतात. अभिमान बाजूला ठेवून त्याच्या हाताकडे बघा. गाडी लागली की इंजिन बंद, गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), हँडब्रेक पूर्ण ओढा, आरसे मिटा. दार जपून उघडा, शेजारच्याला पोचा पडतो. गाडीचा अलार्म हलण्याने वाजणारा असेल तर तो बंद करता येतो का ते घरीच बघून ठेवा, नाहीतर जहाज डोललं की गाडी बोंबलत बसते आणि बॅटरी उतरते. कोणत्या मजल्यावर, कोणत्या जिन्याजवळ लावली त्याचा मोबाइलवर फोटो काढा. उतरताना सगळेच जिने सारखे दिसतात.

वर बसायला वातानुकूलित हॉल असतो, खायला मिळतं. पण आत बसून राहिलात तर अर्धी मजा गेली आणि मळमळही वाढते. डोळ्यांना स्थिर खोली दिसते, कानातल्या तोलाच्या नळ्यांना हालचाल जाणवते, आणि मेंदू गोंधळतो, उलटी येते ती त्यातून. उपाय त्याच कारणातून निघतात. बाहेर डेकवर उभं राहून दूर क्षितिजाकडे बघायचं. बसायचंच असेल तर जहाजाच्या मधोमध आणि जमेल तितकं खाली, टोकांना डोल जास्त असतो. मोबाइल आणि पुस्तक नको. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, दोन दशम्या बस. आल्याचा तुकडा जिभेखाली ठेवला तर काहींना बरं वाटतं. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळीही तिच्यासोबत बाहेर येते. लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि बीपी-शुगरवाल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांना विचारूनच. आणि ड्रायव्हरचं मघाशी सांगितलंच.

आमच्या आईला भीती होती की बोट लागेल. तिला काही झालं नाही. ती पूर्ण चार तास कठड्याला धरून उभी होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, ‘हे सगळं तापीचंच पाणी का?’ पाणी बराच वेळ खरंच तापीसारखंच गढूळ असतं. कोकणातल्या निळ्या समुद्राची अपेक्षा ठेवू नका. नद्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ यांनी हे आखात सतत ढवळलेलं असतं.

घोघा, आणि पंचांगाचं काम

‘लंकेची लाडी (म्हणजे नवरी) आणि घोघ्याचा वर’ अशी गुजरातीत म्हण आहे. एवढं हे बंदर जुनं आणि दूरदेशी. आज उतरल्यावर मात्र साधं, झोपाळू गाव दिसतं. भावनगर वीसेक किलोमीटर. संध्याकाळची फेरी मिळून रात्री उतरलात तर भावनगरलाच झोपा, पुढे जाऊ नका. दिवसा उतरलात तर गाडी भावनगरकडे वळवण्याआधी कोळियाक बघा.

कोळियाकला निष्कलंक महादेव आहे. किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत, समुद्रात, एका चौथऱ्यावर पाच शिवलिंगं. पांडवांनी युद्धाचं पाप इथे धुतलं अशी कथा. भरतीला सगळं पाण्याखाली जातं, झेंड्याचा खांब तेवढा दिसतो. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि आपण चिखलातून चालत देवापर्यंत जातो. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, आत येताना निमुळतं होत जातं, म्हणून भरतीचं पाणी दाबलं जाऊन उंच चढतं. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. भारतात इतका फरक क्वचितच कुठे आढळतो.

तेव्हा जाण्याआधी भावनगरची भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर बघा आणि हातात कालनिर्णय असेल तर तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त मागेही जातं. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, फरक कमी. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर असलं की निवांत दर्शन होतं. पाणी फिरलं की लगेच निघायचं. तिथले पुजारी आणि कोळी सांगतात तेव्हा ‘अजून एक फोटो’ म्हणू नका. चप्पल किनाऱ्यावर, पँट गुडघ्यापर्यंत.

आता गाडी हाकायची

पूर्ण सौराष्ट्र एका दमात करायला जाऊ नका. द्वारका, सोमनाथ, गीर, कच्छ असं सगळं आठ दिवसांत कोंबणारे लोक मी पाहिलेत. घरी येऊन त्यांना फक्त टोलनाके आठवतात. आम्ही दुसऱ्या वेळी घोघ्यातून निघून दिव, सोमनाथ, जुनागढ आणि परत एवढंच केलं, आठ दिवसांत.

भावनगरात दोन रात्री. एक पहाट वेळावदरला, शहराच्या उत्तरेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सपाट गवताळ रान आणि त्यावर उड्या मारणारी काळविटं. हिवाळ्यात हॅरियर जातीचे शिकारी पक्षी शेकड्यांनी संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात, म्हणून संध्याकाळ मिळाली तर तीही घ्या. दुसरी पहाट पालिताण्याला. साडेतीन हजारांहून जास्त पायऱ्या, वर शेकडो संगमरवरी देवळं. उजाडता चढायला लागा, वर खायला काही नेऊ नका, आणि संध्याकाळी डोंगरावर कोणालाच राहू देत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांना डोली मिळते. खाली उतरलात की गाठिया, संभारो म्हणजे कच्च्या पपईची परतलेली कोशिंबीर, आणि तळलेली मिरची. भावनगरी गाठियाच्या नादात आमच्या जळगावी शेवेची आठवण दोन दिवस झाली नाही, हे कबूल करतो.

मग किनाऱ्याचा महामार्ग क्रमांक ५१. तळाजा, महुवा, राजुला, उना. तळाजाच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत आणि संतकवी नरसी मेहता याच गावचे. त्याआधी त्रापजहून अलंगचा फाटा फुटतो, जिथे जगभरची जुनी जहाजं तोडतात. यार्डात प्रवाशाला सोडत नाहीत. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत: कपबश्या, गाद्या, कपाटं, लाइफ जॅकेट, सगळं. कोळियाकला देव झाकणारी जी भरती, तीच उधाणाला जहाजाला इथे किनाऱ्यावर आणून टेकवते, आणि पाणी उतरलं की तोडायला सुरुवात होते. बायकोने इथे घेतलेली काचेची सहा वाट्यांची जोडी अजून एकही न फुटता टिकून आहे.

भावनगर ते उना दोनशेच्या आसपास किलोमीटर, तिथून दिव पंधरा. दिवमध्ये १५३५ साली बांधायला घेतलेला पोर्तुगीज किल्ला, नागवाचा अर्धगोल किनारा, आणि खुकरी स्मारक. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी याच समुद्रात बुडाली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता तिच्यासोबत गेले. तिथे मुलांना थोडं थांबवून सांगा. दिव केंद्रशासित असल्यामुळे तिथे दारू मिळते, गुजरातेत बंदी आहे. सीमेवर गाड्या तपासतात. ‘एकच बाटली’ म्हणून डिकीत टाकणाऱ्या पाहुण्याला आधीच बजावून ठेवा, गाडी तुमच्या नावावर आहे.

दिव ते सोमनाथ दोन तास. समुद्राला लागून असलेल्या मोठ्या मंदिरात ११ मे १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. ते बघून निघू नका, जवळच अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं जुनं सोमनाथ आहे, तिथे गर्दी कमी आणि शांतता जास्त. सोमनाथहून सासण गीर चाळीसेक किलोमीटर. सफारीचा परवाना ऑनलाइन आधीच काढावा लागतो. नाही मिळाला तर जवळच देवळियाचं कुंपण घातलेलं सफारी पार्क आहे. गीरमधले काही रस्ते सूर्यास्तानंतर बंद करतात, नकाशातला जवळचा रस्ता बघून संध्याकाळी तिकडे वळू नका.

शेवट जुनागढ. गिरनारचा रोपवे ऑक्टोबर २०२० पासून डोंगरावरच्या अंबाजीच्या देवळापर्यंत नेतो, पण दत्तशिखर त्याच्या पुढे आहे आणि तिथे जायला अजून हजारो पायऱ्या चढ-उतर कराव्याच लागतात. ‘रोपवे आहे ना’ म्हणून आजीला नेऊ नका. वारा असला तर रोपवे बंदही ठेवतात. पायथ्याच्या वाटेवर एक मोठा खडक आहे, त्यावर अशोकाचे आदेश, रुद्रदामनाचा इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख आणि स्कंदगुप्ताचा लेख, असे तीन काळ एकाच दगडावर. मला तिथे रोपवेपेक्षा जास्त वेळ लागला.

रात्री कोणत्याही धाब्यावर ओळो आणि बाजरीचा रोटला मागा. ओळो म्हणजे त्यांचं भरीत. आमच्या बामणोदच्या वांग्यांची सर नाही, तेल बेताचं आणि कांद्याची पात नावाला, पण घरापासून पाचशे किलोमीटरवर भाजलेल्या वांग्याचा वास आला की माणूस तक्रार विसरतो. सेव-टमेटाची भाजी मागवून तिला शेवभाजी म्हणू नका, तुमचाच अपेक्षाभंग होईल.

परतताना

जुनागढहून अमरेलीमार्गे भावनगर एका दिवसात होतं. परतीची बोट आधीच काढलेली असावी, आणि तिच्या आदली रात्र भावनगरात. बोट रद्द झाली तर काय, हेही ठरवून ठेवा: एक दिवस हातात आणि रस्त्याचा नकाशा. रस्त्याने यावं लागलं तर रडत येऊ नका, वाटेत वाकडी वाट करून लोथल बघा. १९५४ मध्ये सापडलेलं हडप्पाकालीन गाव, आणि तिथला विटांनी बांधलेला प्रचंड हौद, ज्याला उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी गोदी म्हटलं. बोट चुकलेल्या माणसाने चार हजार वर्षांपूर्वीच्या गोदीच्या काठावर उभं राहणं, आमच्या साडूंना तो विनोद अजून पुरतोय.

हजिऱ्याला दुपारी उतरलात तरी त्याच दिवशी जळगाव गाठायचा हट्ट नको. संध्याकाळ होत आली असेल तर पुन्हा मावशीकडे. तिला अलंगच्या वाट्यांतल्या दोन द्या, आणि सकाळी कोंडाईबारी चढायला घ्या.